उजनीचे पाणी तपासता, तसा उजनीचा मासाही तपासा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर,
तसेच जलसंपदा, मत्स्यव्यवसाय, प्रदूषण नियंत्रण आणि अन्न सुरक्षा ही कामे पाहणारे जिल्ह्यातील सर्व अधिकारी

विषय : उजनी जलाशयातील माशांच्या शरीरात साठणाऱ्या रासायनिक प्रदूषकांची मोजणी करून त्यांचे गणिती प्रतिमान तयार करण्याबाबत

महोदय,

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. माझे माहेर करमाळा तालुक्यातले. आमची वडिलोपार्जित जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली, त्यामुळे या जलाशयाकडे शहराच्या पाण्याची टाकी एवढ्याच नजरेने पाहणे मला जमत नाही. जमीन गेल्यावर माझ्या चुलत्यांनी नांगराऐवजी जाळे हातात घेतले आणि आमच्या घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर मासा रोजचा झाला. आजही दर रविवारी आमच्याकडे उजनीचाच मासा असतो. हे पत्र मासे खाऊ नका असे सांगण्यासाठी लिहिलेले नाही, एवढे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

माझी मागणी दोन भागांची आहे. जलाशयाच्या पाण्याचे नमुने ठरावीक काळाने तपासले जातात, तसे तिथल्या माशांचेही नमुने तपासले जावेत. आणि त्या तपासणीचे आकडे फायलीत पडून न राहता त्यांच्या आधारे उजनीपुरते एक गणिती प्रतिमान (मॉडेल) तयार व्हावे, ज्यावरून पाण्यातले किंवा गाळातले कोणते द्रव्य कोणत्या माशात, किती वजनाच्या माशात आणि कोणत्या ऋतूत किती साठते याचा अंदाज घेता येईल. ही मागणी का करते आहे, हे थोडे सविस्तर सांगावे लागेल.

तीन वर्षांपूर्वी याच चौकशीसाठी मी एका कार्यालयात गेले होते. तिथल्या सज्जन अधिकाऱ्यांनी मला बसवले, चहा दिला आणि पाण्याच्या तपासणीचा तक्ता समोर ठेवला. कीटकनाशकांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, बीडीएल, म्हणजे शोधमर्यादेखाली. मी विचारले, माशाचे काय? ते म्हणाले, मासा आमच्याकडे येत नाही. त्यांनी सुचवलेल्या दुसऱ्या कार्यालयात गेले, तर तिथे कळले की मासा त्यांच्याकडे येतो, पण तो किती टन निघाला एवढ्यापुरताच. त्याच्या अंगात काय आहे हा विषय तिसऱ्यांचा. तिसऱ्या ठिकाणी नमुना तेव्हाच घेतात जेव्हा कोणी तक्रार करते, आणि तक्रार करायची तर माशात दोष आहे हे आधी दाखवावे लागते. या तिघांपैकी कोणालाही मी दोष देत नाही. प्रत्येकाचे काम त्याच्या चौकटीत चोख असेल, पण मासा नेमका त्या चौकटींच्या मधल्या फटीतून निसटतो आहे.

बीडीएल या तीन अक्षरांपाशी थोडे थांबायला हवे, कारण सगळा गैरसमज तिथेच सुरू होतो. शोधमर्यादा ही यंत्राची मर्यादा असते, पाण्याच्या शुद्धतेची नव्हे. एखाद्या पद्धतीला लिटरमागे १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी द्रव्य दिसत नसेल, तर पाण्यात ८ नॅनोग्रॅम असतानाही तक्त्यात बीडीएल हेच येते. पिण्याच्या दृष्टीने बहुतेक द्रव्यांबाबत ते ठीकही असते, कारण माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. मासा मात्र पाण्यात राहतो आणि पाण्यातूनच श्वास घेतो. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असताना एक किलो वजनाच्या माशाला दिवसभरात साधारण दोनशे लिटर पाणी कल्ल्यांवरून फिरवावे लागते. कल्ल्याचा पडदा अतिशय पातळ आणि त्यामागे रक्त वाहते. प्राणवायू ज्या वाटेने आत शिरतो त्याच वाटेने पाण्यातले तेलकट स्वभावाचे रेणूही आत शिरतात, आणि एकदा आत गेले की चरबीत जाऊन बसतात.

ही चरबी डोळ्यांनी पाहायची असेल तर सकाळी मासळी बाजारात उभे राहावे. बर्फाच्या पेटीतून तीन-साडेतीन किलोचा कटला काढून विक्रेती जेव्हा त्याचे पोट फाडते, तेव्हा आतड्याभोवती पिवळसर, लोण्यासारखी चरबीची झालर दिसते आणि ती कोयत्याच्या पात्याला चिकटून राहते. काही गिऱ्हाइके ती टाकून द्यायला सांगतात, काही जण मुद्दाम मागून घेतात, कारण तव्यावर तिला वेगळे तेल लागत नाही. माझ्या लेखी ही झालर म्हणजे त्या माशाने आयुष्यभर गाळलेल्या पाण्याची खातेवही आहे. दुर्दैवाने ती वही उघडून वाचण्याची सोय आपण केलेली नाही.

आता थोडा हिशेब मांडते. प्रयोगशाळेत विभाजक नरसाळ्यात एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऑक्टॅनॉल नावाचा तेलासारखा द्रव घेऊन त्यात एखादे द्रव्य टाकून हलवले, तर काही वेळाने ते दोन थरांत वाटले जाते. तेलकट थरात ते पाण्याच्या किती पट आहे, या गुणोत्तरावरून त्या द्रव्याचा स्वभाव कळतो. लिंडेन या जुन्या कीटकनाशकासाठी हे गुणोत्तर सुमारे पाच हजार आहे. डीडीटीसाठी ते दहा लाखांच्याही पुढे जाते; हिशेबाला आपण दहा लाखच धरू. माशाच्या शरीरात पाच टक्के चरबी आहे असे मानले आणि ती चरबी ऑक्टॅनॉलसारखीच वागते असे धरले, तर लिंडेन माशात पाण्याच्या सुमारे अडीचशे पट आणि डीडीटी सुमारे पन्नास हजार पट साठू शकते. हा ढोबळ नियम शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांत अनेक प्रकारच्या माशांवर प्रयोग करून पडताळला आणि बऱ्याच द्रव्यांसाठी तो आश्चर्य वाटावे इतका लागू पडला.

पण साठा होतो किती, याइतकाच तो होतो आणि ओसरतो किती दिवसांत, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, आणि प्रतिमानाचा खरा उपयोग इथे सुरू होतो. प्रतिमान म्हटले की काहीतरी गूढ वाटते, पण त्याचा गाभा घरखर्चाच्या हिशेबासारखा आहे. आत किती येते, बाहेर किती जाते, आणि उरते किती. आत येण्याच्या वाटा दोन, कल्ले आणि अन्न. बाहेर जाण्याच्या वाटा तीन, परत कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि शरीरातच विघटन होऊन. याशिवाय एक वाट अशी आहे की तिच्यातून काहीच बाहेर जात नाही, तरीही तीव्रता कमी होते, ती म्हणजे माशाची वाढ. द्रव्य तेवढेच राहून अंग वाढले की किलोमागचे प्रमाण उतरते.

दोनशे लिटर पाण्यातले निम्मे द्रव्य रक्तात शिरते असे धरले, तर एक किलोच्या माशाला दिवसाला शंभर लिटर पाण्यातले द्रव्य मिळते. लिंडेनसारख्या द्रव्याचे शेवटचे, म्हणजे जेवढे आत येते तेवढेच बाहेर जाऊ लागते तेव्हाचे, प्रमाण अडीचशे पट असल्यामुळे अंगातला साठा दिवसाला चाळीस टक्के वेगाने बाहेर पडतो आणि पाणी स्वच्छ झाले तर पावणेदोन दिवसांत निम्मा होतो. डीडीटीसारख्या द्रव्याचा साठा मात्र दिवसाला जेमतेम ०.२ टक्के वेगाने ओसरतो, म्हणजे निम्मा व्हायला सुमारे एक वर्ष लागते. याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिल्या प्रकारच्या द्रव्यासाठी मासा म्हणजे कालचे वर्तमानपत्र, तर दुसऱ्या प्रकारच्या द्रव्यासाठी तो अख्ख्या वर्षाचा अहवाल. जुलैमध्ये पुराबरोबर आलेली गोष्ट जुलैच्या पाण्यात एखादा आठवडा असेल आणि ऑगस्टच्या नमुन्यात बीडीएल म्हणून नोंदली जाईल. माशात मात्र ती पुढच्या उन्हाळ्यातही सापडेल.

वाढीचा परिणाम याहून गमतीचा आहे. समजा, जलाशयात सोडलेल्या बोटुकलीतून, म्हणजे बोटाएवढ्या पिलातून, वाढलेला कटला सहा महिन्यांत अर्ध्या किलोचा एक किलो झाला. एवढ्या वेगाने वजन दुप्पट होत असेल तर निव्वळ वाढीमुळे तीव्रता दिवसाला सुमारे ०.३९ टक्के उतरते, म्हणजे कल्ल्यांतून जेवढे बाहेर पडते त्याच्या जवळपास दुप्पट. दोन्ही मिळून हिशेब केला, तर पाण्यातून होणारा साठा पन्नास हजार पटीऐवजी सतरा हजार पटीच्या आसपास येऊन थांबतो. वर म्हटलेल्या लिटरमागे ८ नॅनोग्रॅमच्या, तक्त्यात बीडीएल दिसणाऱ्या पाण्यात हा झपाट्याने वाढलेला कटलाही किलोमागे सुमारे १३६ मायक्रोग्रॅम साठा बाळगून असेल. आणि याच पाण्यातला, वय झालेला, वाढ थांबलेला, खडकाच्या सांदीत राहणारा मासा असेल तर त्याला वाढीची ही सवलत मिळणार नाही. मोठा मासा म्हणजे चांगला मासा, असे आपण भाव देताना मानतो. या बाबतीत ते उलटही असू शकते.

हा झाला निव्वळ कल्ल्यांचा हिशेब. ज्या द्रव्यांचे ऑक्टॅनॉलचे गुणोत्तर लाखाच्या पुढे आहे, त्यांच्यासाठी अन्नाची वाट कल्ल्यांपेक्षा मोठी ठरते. बासुंदी आटवताना दुधातले पाणी उडून जाते पण साखर तेवढीच राहते, म्हणून गोडी वाढत जाते. माशाच्या आतड्यात असेच घडते. खाल्लेल्या अन्नातली चरबी आणि प्रथिने पचून शोषली जातात, आतड्यातला ऐवज आकसतो, आणि न पचणारे प्रदूषक त्या उरलेल्या ऐवजात दाटत जाऊन शेवटी माशाच्या अंगात ढकलले जाते. पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांकडून लहान माशाकडे, लहान माशाकडून मोठ्या माशाकडे आणि तिथून पक्ष्याकडे किंवा माणसाकडे जाताना प्रत्येक पायरीवर ही बासुंदी आणखी आटते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातील क्लिअर लेक या सरोवराची हकीकत यासाठी पुन्हा सांगण्यासारखी आहे. चिलटांचा त्रास कमी व्हावा म्हणून तिथे १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी पाण्यात सोडण्यात आले. पाण्यातले प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ०.०२ भाग इतके किरकोळ होते आणि काही काळाने पाण्यात त्याचा मागमूसही लागेना. पण आपल्याकडच्या टिबुकलीच्या कुळातले मासेखाऊ पक्षी मरू लागले, आणि त्यांच्या चरबीत दहा लाख भागांत १६०० भाग डीडीडी निघाले. पाण्यात टाकलेल्या प्रमाणाच्या ऐंशी हजार पट! पाण्याचा तक्ता त्या दिवशीही स्वच्छच दिसला असता. भिगवणच्या बाजूला दर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला गर्दी करणाऱ्यांनी त्याच पाण्यावर मासे टिपणाऱ्या पाणकावळ्यांकडे आणि बगळ्यांकडेही या नजरेने एकदा पाहावे.

आता उजनीविषयी. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत साठा. निम्म्याहून अधिक पाणी दरवाजांच्या पातळीखाली असलेले असे मोठे धरण विरळाच. वरच्या अंगाला मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी यांच्या काठची पुणे व पिंपरी-चिंचवड ही महानगरे, त्यांचे सांडपाणी, औद्योगिक वसाहती. आजूबाजूला आपलाच ऊस, डाळिंब आणि द्राक्ष, आणि त्यावरची आपलीच फवारणी. बोट फक्त पुण्याकडे दाखवून सोलापूरकरांना हात झटकता येणार नाहीत. या सगळ्याचा गाळ चाळीसहून अधिक वर्षे त्या मृत साठ्याच्या तळाशी बसतो आहे, आणि तेलकट स्वभावाची द्रव्ये पाण्यात कमी व गाळात जास्त असतात. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ पासून मनाई आहे, पण गाळाला शासन निर्णय वाचता येत नाही.

दरवर्षी मार्च उजाडला की सोलापुरात एकमेकांना भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यात, गेली का? हा प्रश्न आपण नळाच्या पाण्यासाठी विचारतो. माशासाठी कोणी विचारत नाही. जलाशय उणे पातळीत जातो तेव्हा तेवढेच मासे कमी पाण्यात दाटतात, वाऱ्याने उथळ भागातला गाळ ढवळला जातो, पाणी तापते, प्राणवायू घटतो, आणि प्राणवायू घटला की त्याच श्वासासाठी माशाला कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवावे लागते. लिटरमागे ७ मिलिग्रॅमचा प्राणवायू ५ वर आला तर वर सांगितलेले दोनशे लिटर २८० होतात. म्हणजे नेमक्या ज्या महिन्यांत पाण्यात द्रव्यांची दाटी होते, त्याच महिन्यांत मासा अधिक पाणी गाळत असतो. हिवाळ्यातला एकच नमुना घेऊन वर्षभराचा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरेल.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. उजनीच्या पाण्यावर साचणारा हिरवा तवंग, ज्याच्याविषयी वर्तमानपत्रांत दरवर्षी छायाचित्रांसह बातम्या येतात, तो या हिशेबात काही वेळा माशाच्या बाजूने उभा राहतो. शेवाळ आणि पाण्यातला सेंद्रिय कचरा तेलकट द्रव्यांना स्वतःकडे धरून ठेवतो, त्यामुळे कल्ल्यांतून शिरू शकणारे मोकळे द्रव्य कमी होते. म्हणजे दिसायला घाण असलेल्या पाण्यातला मासा काही प्रदूषकांच्या बाबतीत दिसायला निवळ पाण्यातल्या माशापेक्षा स्वच्छ निघू शकतो. पण तोच तवंग मरून तळाला बसला की तिथला प्राणवायू संपतो, आणि प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, जो माशात फार चिवटपणे टिकतो. एकाच हिरव्या पाण्याचे एका द्रव्यासाठी एक उत्तर आणि दुसऱ्यासाठी उलटे. डोळ्यांनी आणि नाकाने निवाडा करणे इथे उपयोगाचे नाही, म्हणूनच गणित लागते.

चरबीचा नियम सगळ्यांना लागू पडत नाही, हेही आपल्या तज्ज्ञांनी विसरू नये. मिथाइल पारा चरबीत नव्हे, तर मांसातल्या प्रथिनांत बसतो. त्यामुळे साल आणि पोटाकडची चरबी काढून टाकली तर डीडीटीसारख्या द्रव्यांचे प्रमाण बरेच घटते, पण पाऱ्याचे घटत नाही. न चिकटणाऱ्या तव्यांच्या, पाणी न धरणाऱ्या कापडांच्या आणि आग विझवणाऱ्या फेसाच्या निर्मितीत वापरलेली फ्लोरिनयुक्त द्रव्ये रक्त आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटतात. त्यांना ऑक्टॅनॉलचे गुणोत्तर लावणे चुकीचे. सांडपाण्यातून येणाऱ्या औषधांपैकी बरीच पाण्याच्या सामूप्रमाणे (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेप्रमाणे) आपले रूप बदलतात, आणि हिरव्या पाण्याचा सामू तर दुपारी एक आणि पहाटे एक असतो. उलट, अर्धवट जळलेल्या तेलातून व कोळशातून येणारी काही द्रव्ये माशाचे यकृत झपाट्याने मोडून टाकते, त्यामुळे निव्वळ गुणोत्तरावर अंदाज बांधला तर तो कितीतरी जास्त निघतो. जे प्रतिमान या अपवादांची नोंद न घेता एकाच सूत्रात सगळी द्रव्ये कोंबेल, ते नसलेलेच बरे.

जगात हे काम नवीन नाही. कॅनडा आणि अमेरिका यांच्या सीमेवरील ओंटारिओ सरोवराच्या अन्नसाखळीसाठी फ्रँक गोबास या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये असे प्रतिमान प्रसिद्ध केले, आणि २००४ मध्ये जॉन आर्नॉट यांच्यासह त्याची सुधारित आवृत्ती मांडली. ती साध्या संगणकावर, तक्त्यांच्या फायलीत चालते. त्यासाठी महासंगणक लागत नाही. पण तिथले आकडे उचलून इथे बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालण्यासारखे होईल. ते सरोवर थंड, तिथले मासे वेगळे, वाढ संथ. आपला कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळ चाळतो, वाम गाळातल्या किड्यांवर जगते आणि मरळ या सगळ्यांच्या पिलांवर. मूळची आफ्रिकेतली चिलापी जे मिळेल ते खाते, आणि आज गरिबाच्या ताटात तीच जास्त असते. कोण काय खातो हे पोट उघडून पाहिल्याशिवाय आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (त्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून) अन्नसाखळीतली पायरी मोजल्याशिवाय प्रतिमानात भरायला आकडेच नाहीत. थोडक्यात, सूत्र तयार आहे; नाहीत त्या उजनीच्या संख्या.

त्या मिळवण्यासाठी अवाढव्य खर्च लागेल असे मला वाटत नाही. वरच्या टोकाला नद्या जलाशयात शिरतात तिथे, मध्यावर आणि भिंतीजवळ, अशा तीन ठिकाणी, पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उणे पातळीच्या दिवसांत, कटला, चिलापी, मृगळ, वाम आणि मरळ यांचे लहान व मोठ्या आकाराचे नमुने घ्यावेत. प्रत्येक माशाची लांबी, वजन आणि चरबीची टक्केवारी नोंदलीच पाहिजे. चरबीची टक्केवारी नसलेला आकडा प्रतिमानाच्या दृष्टीने जवळपास फुकट जातो. गाळ त्याच दिवशी, त्याच जागेचा घ्यावा. पाण्यासाठी बाटलीतल्या नमुन्याबरोबर सिलिकॉन रबराच्या पट्ट्या काही आठवडे पाण्यात टांगून ठेवाव्यात, म्हणजे शोधमर्यादेखालचे मोकळे द्रव्यही त्यांच्यात हळूहळू जमा होऊन मोजता येते. जलाशयाचा वरचा भाग पुणे जिल्ह्यात येतो, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र बसल्याखेरीज हे होणार नाही. म्हणून हे पत्र एखाद्याच खात्याला न लिहिता आपल्याला उद्देशून लिहिले आहे. नमुने गोळा करणे आणि पोटातले अन्न तपासणे ही कामे सोलापूरच्या विद्यापीठातले पदव्युत्तर विद्यार्थी आनंदाने करतील. त्यांचे हात मला माहीत आहेत.

मच्छीमारांची भीती मी जाणते, कारण ती माझ्या माहेरच्या घरातही आहे. चुलतभाऊ मला म्हणाला, ताई, तुम्ही कागदावर एक आकडा लिहिणार आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मालाला लिलावात भाव नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. टेंभुर्णीपासून भिगवणपर्यंत महामार्गाच्या कडेला मच्छी थाळीवर चालणारी कितीतरी घरे आहेत, आणि अर्धवट माहितीची एक बातमी त्यांचा हंगाम बुडवू शकते. पण अफवेला उत्तर देण्यासाठीही आकडाच लागतो, आणि आज तो कोणाकडेच नाही. शिवाय प्रतिमानाचे उत्तर कधीच नुसते हो किंवा नाही असे नसते. ते कोणता मासा, केवढा आणि आठवड्याला किती असे सांगते. उदाहरणादाखल, आणि हा उजनीचा आकडा नाही हे पुन्हा बजावून सांगते, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्यासाठी गर्भाचा विचार करून आठवड्याला शरीराच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीसाठी ती आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम होते. एखाद्या माशात किलोमागे २०० मायक्रोग्रॅम असतील, तर तिने आठवड्याला ४०० ग्रॅम खाल्ले तरी ती मर्यादेत राहते. असा सल्ला बाजारात लावता येतो, आशा कार्यकर्तीला गरोदर बाईच्या घरी जाऊन सांगता येतो, आणि त्याने कोणाचे जाळे सुकत नाही. कदाचित उत्तर असेही निघेल की सहा-आठ महिन्यांचा, झपाट्याने वाढलेला कटला निर्धास्त खावा आणि फक्त मोठ्या मरळीच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. तसे निघाले तर आमच्या भावांना त्याची जाहिरात करता येईल.

प्रतिमान चुकू शकते, आणि दोन-तीन पटींची चूक तर मी गृहीतच धरते. म्हणून ते एकदा करून ठेवून देण्याची वस्तू नाही. दरवर्षी थोडे मासे तपासून त्याचा अंदाज खरा निघाला का हे पाहत राहायला हवे, आणि जिथे तो फसेल तिथे काय सुटले ते शोधायला हवे. माझा अनुभव असा की न जुळणारा आकडाच जास्त शिकवतो. सगळे आकडे, जुळलेले आणि न जुळलेले, मराठीतून, नमुन्याची जागा आणि तारीख यांसह, कोणालाही पाहता येतील असे खुले ठेवावेत, एवढी विनंती आहे. बीडीएल लिहायचेच असेल तर शेजारी शोधमर्यादा किती, तो आकडाही लिहावा.

गेली दोन वर्षे मी घरी आणलेल्या प्रत्येक माशाची नोंद एका दोनशे पानी वहीत ठेवली आहे : तारीख, जात, कोठून आला असे विक्रेतीने सांगितले ते, डोक्यापासून शेपटीपर्यंतची लांबी, वजन, पोटात काय निघाले, आणि उजनी त्या दिवशी प्लसमध्ये होती की मायनसमध्ये. आतल्या चरबीचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेले असल्यामुळे त्यावर फार विसंबू नये. रसायनांचा रकाना मी आखून ठेवला आहे. तो भरण्याचे साधन माझ्याकडे नाही. आपण बैठक बोलावली तर वही घेऊन येईन. सकाळी अकरानंतरची वेळ असावी, त्याआधी मी बाजारात असते.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
सोलापूर